रोटरी टेबलवर दात कापताना शेवटचा दात जुळत नाही: कुठून तपासायचं

रोटरी टेबलला (हँडलने मोजून फिरवायचं गोल टेबल) डिव्हायडिंग प्लेट (भोकांची वर्तुळं असलेली चकती) जोडली की ते डिव्हायडिंग हेडचं, म्हणजे वर्तुळाचे सारखे भाग पाडणाऱ्या साधनाचं, काम करायला लागतं. घरच्या छोट्या मिलिंग मशीनवर गियर, रॅचेट, षटकोनी डोकं, भोकांचं वर्तुळ असं सगळं त्यावर होतं. पण एक दुखणं पुन्हा पुन्हा समोर येतं. तेवीस दात सुरेख उतरतात आणि चोविसावा पहिल्याला भेटतच नाही, एक तर जाड तरी राहतो नाहीतर पात्यासारखा बारीक होतो.

हे दुखणं मी माझ्या टेबलवर आणि ओळखीच्यांच्या टेबलांवर इतक्या वेळा काढलंय की एक गोष्ट आधीच सांगतो: वर्म (हँडलच्या शाफ्टवरचा, टेबल फिरवणारा स्क्रूसारखा गियर) उघडायची घाई करू नका. बहुतेक जण पहिला संशय बॅकलॅशवर, म्हणजे वर्मच्या ढिलीवर, घेतात आणि टेबल खोलून बसतात. चूक बहुधा त्याच्या कितीतरी अलीकडे, मोजण्यात किंवा जॉब (कापायचा तुकडा) धरण्यात असते. आणि ती कुठे आहे हे बिघडलेला गियरच सांगतो, म्हणून तो फेकू नका.

लक्षणं

आधी त्या गियरच्या प्रत्येक दातावर मार्करने नंबर घाला. मग व्हर्निअरने प्रत्येक दाताची जाडी एकाच खोलीवर मोजून कागदावर लिहा. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढची सगळी वाट त्या कागदावरून ठरते.

सगळे दात एकसारखे आणि फक्त शेवटचा जाड किंवा बारीक असेल, तर प्रत्येक वेळी थोडी थोडी चूक होऊन ती शेवटी साठली आहे. ही मोजणीची चूक.

एखाद्या ठिकाणी दात जाड आणि शेवटचा दात नेमका तेवढाच बारीक (किंवा उलट) असेल, तर मधे एकदाच काहीतरी सरकलं. हँडलचा एक फेरा चुकला, नाहीतर जॉब घसरला.

दात कमी-जास्त आहेत पण त्यात काही क्रम दिसत नाही, असं असेल तर ढिल, पिन किंवा लॉक बघायचं.

एका बाजूचे दात खोल आणि बरोबर समोरच्या बाजूचे उथळ, माथे रुंद राहिलेले, म्हणजे जॉब टेबलच्या मध्यावर नाही. खोली सगळीकडे सारखी, पण दातांमधलं अंतर अर्ध्या वर्तुळात हळूहळू वाढतंय आणि उरलेल्या अर्ध्यात कमी होतंय, तर टेबलच्या आतल्या वर्म व्हीलकडे (वर्म ज्याला फिरवतो ते चाक) बोट जातं. असं क्वचित दिसतं.

सगळे दात एकाच बाजूला कललेले दिसले तर कटर जॉबच्या मध्यरेषेवर नाही. त्याचा विभागणीशी काही संबंध नाही. कटरची उंची पुन्हा लावा, टेबलला हात लावू नका.

१. टेबलचं गुणोत्तर आणि कागदावरचा हिशोब

इथे फक्त पेन लागतं. डिव्हायडिंग हेड बहुतेक ४०:१ असतं, म्हणजे हँडलचे ४० फेरे झाले की जॉबचा एक. रोटरी टेबल ९०:१, ७२:१, ६०:१, ३६:१ असं काहीही असू शकतं. पुस्तकांत छापलेले तक्ते बहुतेक ४० साठीचे असतात. ९० च्या टेबलवर ४० चा तक्ता वापरला तर २४ भाग संपेपर्यंत टेबल जेमतेम १६० अंश फिरतं. एवढी चूक लगेच लक्षात येते. ७२ आणि ९० मधला गोंधळ मात्र जॉब हातात येईपर्यंत लपून राहतो.

टेबलवरच्या पट्टीवर किंवा कॅटलॉगवर विसंबू नका. टेबल शून्यावर आणा, हँडलचा एक पूर्ण फेरा द्या आणि टेबल किती अंश सरकलं ते वाचा. ४ अंश असेल तर ९०:१, ५ असेल तर ७२:१, ६ असेल तर ६०:१, १० असेल तर ३६:१. ३६० ला त्या अंशांनी भागायचं, बस. हा आकडा टेबलच्या बाजूला रंगाने लिहून ठेवा.

मग भागाकार. ९०:१ वर २४ दात हवेत: ९० ÷ २४ = ३.७५, म्हणजे तीन पूर्ण फेरे आणि पाऊण. पाऊण फेऱ्यासाठी २० भोकांच्या वर्तुळावर १५ भोकं पुढे जायचं. १६ च्या वर्तुळावर १२ घेतलीत तरी तेच. १७ दात असतील तर पाच फेरे आणि १७ च्या वर्तुळावर ५ भोकं. ब्राऊन अँड शार्प पद्धतीच्या तीन प्लेटच्या संचात पहिल्या प्लेटवर १५ ते २० अशी सहा वर्तुळं असतात, दुसरीवर २१, २३, २७, २९, ३१, ३३ आणि तिसरीवर ३७, ३९, ४१, ४३, ४७, ४९. हँडलची पिन ज्या वर्तुळात बसवायची ते मार्करच्या ठिपक्याने दाखवून ठेवा. १९ आणि २० ची वर्तुळं शेजारी शेजारी असतात, आणि कमी उजेडात पिन कधी पलीकडच्या वर्तुळात गेली ते कळत नाही.

ताळा करायला विसरू नका. एका भागाचे फेरे गुणिले भागांची संख्या याचं उत्तर नेमकं ९० यायला हवं. ३.७५ × २४ = ९०. ९० च्या जवळपास आलं तर हिशोब चुकलाय.

प्लेट नसेल आणि हँडलवरच्या अंशांच्या डायलवर काम करत असाल तर अजून एक खाच आहे. १७ भागांसाठी प्रत्येक भाग २१ अंश १० मिनिटं आणि सुमारे ३५ सेकंद येतो. दर वेळी ‘२१ अंश १० मिनिटं पुढे’ असं मोजत गेलात तर एका फेरीत १० मिनिटं कमी पडतात. लहान गियरवर ते जाणवणार नाही, पण १०० मिमी त्रिज्येवर ते जवळपास ०.३ मिमी होतात. म्हणून सगळ्या जागा शून्यापासून मोजून आधीच कागदावर लिहा: पहिली ०, दुसरी २१°१०′३५″, तिसरी ४२°२१′११″ आणि पुढे तशाच. मग गोल करताना झालेली चूक साठत नाही, प्रत्येक जागी आपापली छोटीशी चूक राहते आणि तिथेच संपते.

२. सेक्टर आर्म: पिनखालचं भोक धरायचं की सोडायचं

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गियर इथे वाया जातात, म्हणून इथे जरा थांबू.

सेक्टर आर्म म्हणजे प्लेटवर कैचीसारखे उघडणारे ते दोन पाय. पिन ज्या भोकात बसली आहे ते मोजायचं नसतं. कुंपणाला सहा खांब असले तरी मधले गाळे पाचच असतात. आपल्याला गाळे मोजायचेत. १५ भोकं पुढे जायचं असेल तर दोन पायांच्या मधे, पिनखालचं भोक धरून, १६ भोकं दिसली पाहिजेत.

पिनखालचं भोक धरून १५ मोजली तर प्रत्यक्षात १४ च गाळे होतात. मग काय होतं ते बघा. एक गाळा म्हणजे हँडलचा विसावा भाग, टेबलवर ०.२ अंश. १५ अंशांऐवजी टेबल दर वेळी १४.८ अंश फिरतं. तेवीस वेळा फिरल्यावर ३४०.४ अंश होतात आणि शेवटच्या भागासाठी १९.६ अंश उरतात. मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) १ च्या २४ दातांच्या गियरवर प्रत्येक दात साधारण १.५७ मिमी जाड असायला हवा. अशा चुकलेल्या गियरवर तेवीस दात १.५३ च्या आसपास येतात, डोळ्याला अगदी बरोबर दिसतात, आणि शेवटचा २.५ मिमीचा ठोकळा राहतो. मी असा गियर हातात घेऊन बराच वेळ वर्मला दोष देत बसलो होतो. आता २.५ आणि १.५३ हे आकडे दिसले की मी टेबलकडे न बघता सेक्टर आर्मच मोजायला घेतो.

एक गाळा जास्त मोजला तर नेमकं उलट होतं. शेवटचा दात ०.६ मिमीचा, जवळजवळ पात्यासारखा उरतो.

दोन्ही पाय घट्ट आहेत ना तेही बघा. त्यांना धरून ठेवणारी स्प्रिंग सैल झाली तर पिन किंवा हाताचा धक्का लागून पाय एखादं भोक पुढे सरकतो. हा दोष फार फसवा असतो, कारण मोजणी बरोबर असूनही चूक येते. आणखी एक शिस्त पाळा: पिन नव्या भोकात बसली की लगेच सेक्टर फिरवून मागचा पाय पिनला टेकवा, मगच कटर चालवा. हे ‘नंतर’वर ठेवलं की पुढच्या वेळी ते केलं होतं की नाही हे आठवत नाही.

३. कोरडी फेरी

ब्लँकला (दात न कापलेली गोल चकती) मार्कर किंवा निळी शाई लावा. स्पिंडल बंद ठेवून कटर किंवा टोकदार सुई ब्लँकला जेमतेम टेकेल अशी आणा. आता कापायच्या सगळ्या जागा नुसत्या रेघ ओढून घ्या. सगळ्या झाल्यावर आणखी एक पुढे जा. २४ भागांची पंचविसावी रेघ पहिल्या रेघेवर पडली पाहिजे.

ती पडली तर हिशोब, प्लेट आणि सेक्टर आर्म तिन्ही निर्दोष आहेत, आता फक्त कापताना काय होतं ते बघायचं. पडली नाही तर चूक कापण्याच्या आधीच आहे, पुढचं काही तपासू नका. या एका फेरीने तपासणीचे दोन तुकडे होतात. मी आता ती नव्या प्रत्येक दातसंख्येला करतो, कितीही घाई असली तरी.

४. पिन, भोकं आणि प्लेटचे स्क्रू

पिन भोकात पूर्ण बसली की ‘टक्’ असा आवाज येतो. आवाज बोदा आला तर भोकात कीस अडकलाय. एकदा ओतीव लोखंडाचा जॉब चालू असताना माझी पिन दर वेळी अर्धा मिमी वर राहत होती, आणि मी ते स्प्रिंगवर ढकलत होतो. भोकांत काळी भुकटी आणि तेल मिळून घट्ट चिकटली होती. काड्यापेटीतल्या काडीने सगळी भोकं साफ केली आणि आवाज परत आला.

हँडलचा आर्म शाफ्टवर सैल आहे का तेही बघा. पिन भोकात ठेवून आर्म हलवा. वर्म जागचा न हलता आर्म हलला तर ग्रब स्क्रू किंवा किल्ली (आर्म आणि शाफ्ट यांना एकत्र धरणारी पट्टी) सैल आहे. प्लेट धरणारे स्क्रूही आवळून घ्या. काही टेबलांत प्लेट त्याच एक्सेंट्रिक बुशवर (मध्य बाजूला सरकवलेली नळी) बसवलेली असते ज्याने वर्म व्हीलमध्ये गुंततो. तिथे मधेच वर्म सोडवून टेबल हाताने फिरवलं की प्लेटची जागाही बदलते. असं टेबल असेल तर एक जॉब संपेपर्यंत वर्म सोडवूच नका.

प्लेटच्या भोकांचं अंतर मात्र उगाच मोजत बसू नका. ५० मिमी त्रिज्येवरचं एखादं भोक ०.१ मिमी इकडेतिकडे असलं तरी ९०:१ मुळे ती चूक नव्वदाव्या हिश्शाची होते, टेबलवर पाच सेकंदांच्या आत. ५० मिमी व्यासाच्या गियरवर ती अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास येते. घरी हाताने पाडलेल्या भोकांच्या प्लेटनेही चांगले गियर होतात ते याच कारणाने.

५. फिरवण्याची दिशा आणि लॉक

वर्म आणि वर्म व्हील यांच्यात थोडी ढिल असतेच, आणि असायलाच हवी. तुम्ही नेहमी एकाच दिशेने फिरवलंत तर ती ढिल प्रत्येक वेळी त्याच बाजूला राहते आणि विभागणीत उतरत नाही. घोळ होतो तो भोक ओलांडून पुढे गेल्यावर. तेव्हा एक भोक मागे आलात तर हँडल मागे येतं, टेबल मात्र जागच्या जागीच राहतं. ओलांडलं तर किमान अर्धा फेरा मागे जा आणि पुन्हा त्याच दिशेने पुढे या.

लॉकचा क्रम असा: लॉक सोडा, फिरवा, पिन बसवा, लॉक आवळा, मग कापा. लॉक न आवळता कापलं तर कटरच्या दर दाताचा धक्का टेबलला ढिलीच्या बाजूला ढकलतो. कटर जॉबला ओढून घेईल अशा दिशेने फीड दिला, तर तो टेबलला ढिलीएवढा झटकन पुढे खेचतो आणि एखादा दात एकदम बारीक होतो. फीड कटरच्या विरुद्ध दिशेने द्या.

लॉक स्वतःही टेबल हलवू शकतं. डायल गेज (सुईने बारीक हालचाल दाखवणारं साधन) चुंबकी स्टँडवर लावून त्याचं टोक टेबलच्या कडेशी बसवलेल्या एखाद्या ठोकळ्याला आडवं टेकवा, मग लॉक आवळा. १०० मिमी त्रिज्येवर सुई ०.०३ मिमी हलली तर टेबल सुमारे एक मिनिट फिरलं. दर वेळी तेवढंच आणि त्याच बाजूला हलत असेल तर चालतं, कारण सगळे दात सारखेच सरकतात. कधी इकडे, कधी तिकडे जात असेल तर दोन्ही लॉक सारख्या जोराने आवळायची सवय लावा.

६. जॉब कसा धरलाय

जॉब मध्यावरून सरकलेला असेल तर त्या चुकीला ९० ने भागणारं कोणी नसतं. ०.१ मिमी सरकलेला ब्लँक एका बाजूला समोरच्या बाजूपेक्षा ०.२ मिमी जास्त खोल कापला जातो. डायल गेजची सुई मध्यापासूनच्या सरकण्याच्या दुप्पट हलते, हे लक्षात ठेवा. सुई ०.०२ च्या आत आणली की घरच्या कामाला पुरे.

तीन जबड्यांच्या चकवर भरवसा ठेवू नका. वापरलेल्या चकमध्ये ०.०५ ते ०.१ मिमीचा फरक सहज सापडतो. ब्लँक मँड्रेलवर (त्याच्या भोकातून जाणारा दांडा) बसवा आणि मँड्रेल टेबलच्या मोर्स टेपरमध्ये (मधल्या निमुळत्या भोकात). बसवण्याआधी टेपर फडक्याने पुसून बोट फिरवून बघा, कीसाचा एक कण सगळी मेहनत वाया घालवतो. टेबल उभं करून टेलस्टॉक (मँड्रेलचं दुसरं टोक धरणारा आधार) लावला असेल तर मँड्रेलवर दोन टोकांना गेज फिरवा. टेलस्टॉकची उंची जुळत नसेल तर दात एका टोकाला खोल आणि दुसऱ्या टोकाला उथळ होतो.

जॉब घसरतो का हे कळायला ब्लँक आणि मँड्रेल दोघांवरून एक सरळ रेघ ओढा. काम संपल्यावर रेघ तुटलेली दिसली तर नट पुरेसा आवळलेला नव्हता.

प्रत्येक वेळी जॉबजवळ हात नेण्याआधी स्पिंडल बंद करा, आणि कीस ब्रशने झाडा. दातांची संख्या मोजण्यात मन गुंतलेलं असतं आणि कटर फिरतोय हे विसरायला होतं.

७. वर्मची ढिल

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच वर्मकडे या. आधी ढिल कुठली ते ओळखा. टेबल हाताने मागेपुढे हलवा आणि गेज हँडलच्या शाफ्टच्या टोकाला लावा. शाफ्ट आत-बाहेर होत असेल तर वर्म आडवा सरकतोय, त्याचा थ्रस्ट नट आवळायचा. शाफ्ट स्थिर राहूनही टेबल हलत असेल तर दातांमधली ढिल आहे, ती एक्सेंट्रिक बुश फिरवून कमी होते.

बुश फिरवण्याआधी टेबल पूर्ण एक फेरा फिरवा आणि दर ३० अंशांना ढिल मोजून लिहा. सगळ्यात घट्ट जागा शोधा आणि तिथेच जुळवा. सैल जागेवर जुळवलंत तर घट्ट जागेवर वर्म अडकतो, आणि जोर लावून फिरवलं की दात झिजतात. जुळवल्यावर हँडल पूर्ण फेरीभर एका बोटाने फिरलं पाहिजे.

दोष प्रत्येक फेऱ्यात परत येत असेल तर तो वर्मचाच. २४ दातांच्या हिशोबात चार भाग म्हणजे बरोबर १५ फेरे, त्यामुळे वर्म डुलत असेल तर दर चौथ्या दाताला तोच फरक पुन्हा दिसतो. कागदावरच्या जाड्या चार-चारच्या गटात वाचून बघा.

इथे थांबायचं

घट्ट आणि सैल जागेत एवढा फरक असेल की एका ठिकाणी जुळवलं की दुसरीकडे टेबल अडकतं, तर वर्म व्हील एका भागात झिजलंय किंवा ते मध्यावर बसवलेलंच नाही. ते घरी दुरुस्त होत नाही. वर्म आणि व्हील जोडीनेच बनवून घ्यावे लागतात. टेबल वर-खाली डुलत असेल, ओतीव भागाला तडा दिसत असेल, वर्मचा शाफ्ट वाकला असेल किंवा मधल्या टेपरला खोल ओरखडे असतील तरी हात काढून घ्या. टेपरला पॉलिश पेपर लावून ओरखडे घालवायला जाऊ नका. गोलाई जाते आणि मग ग्राइंडिंगशिवाय उपाय राहत नाही. शक्य असेल तर टूल-रूमचं काम करणारा आणि विभागणीची अचूकता ऑटोकॉलिमेटरने (प्रकाशाने बारीक कोन मोजणारं यंत्र) मोजू शकणारा माणूस शोधा.

गियर वजन उचलणाऱ्या यंत्राला, ब्रेकला किंवा स्टिअरिंगला लागणार असेल तर टेबल कितीही चांगलं असलं तरी तो घरी कापू नका. तिथे धातूची निवड, कडकपणा आणि तपासणी हे सगळं व्यावसायिक गियर कापणाऱ्याकडेच झालं पाहिजे.

टेबल दुरुस्तीला देताना आधी काहीही अजून आवळू किंवा सैल करू नका. दर ३० अंशांच्या ढिलीचे ते बारा आकडे, घट्ट जागा कोणत्या अंशावर आहे ते, आणि नंबर घातलेला बिघडलेला गियर, तिन्ही सोबत बांधून द्या. दुरुस्त करणाऱ्याला शोधाशोध करावी लागत नाही, तो सरळ त्या जागेवर येतो.